उतारवयांतील चित्तचांचल्य

'साठी बुद्धि नाठी' ही म्हण मराठी घरांत इतक्या सहजपणें वापरली जाते कीं, तिनें एका प्रश्नाचा विचारच बंद करून टाकला आहे. घरांतील वृद्ध माणूस किल्ल्या विसरलें, गॅसवर दूध ठेवून गच्चीवर गेलें, बँकेंत जावयास निघून भाजी घेऊन परत आलें, कीं ही म्हण कोणाच्या तरी ओठांवर येते आणि पुढील चौकशी थांबते. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत म्हणीच्या जागीं 'डिमेन्शिया' हा शब्द आला आहे. म्हण ऐकून माणूस हंसत असे. हा शब्द ऐकून त्याची झोंप उडते. परंतु म्हण काय आणि शब्द काय, दोहोंचें गृहीत एकच: जें बिघडलें तें वयामुळें बिघडलें, पूर्वीं सर्व सुरळीत होतें.

आणि नेमकें हेंच कित्येक वेळां खरें नसतें. त्या वृद्ध गृहस्थांच्या थोरल्या बहिणीस विचारलें तर ती म्हणते, "हा आज विसरूं लागला होय? अरे, दुसरींत असतांना हा दप्तर न घेतां शाळेंत गेला होता, आणि तेंहि एकदां नव्हे!" बहिणीच्या या एका वाक्यांत जेवढें निदान असतें तेवढें महागड्या तपासण्यांतहि पुष्कळदां सांपडत नाहीं.

ज्या विकारास इंग्रजींत 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसॉर्डर' व संक्षेपानें एडीएचडी असें म्हणतात, त्यास मराठींत चित्तचांचल्य म्हणण्यास हरकत नसावी. लहान मुलांचा विकार म्हणून तो आतां बहुतेक पालकांस ठाऊक झाला आहे. तोच विकार सत्तरीच्या माणसासहि असूं शकतो, किंबहुना आठव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत तो त्याच्याबरोबर चालत आलेला असूं शकतो, ही गोष्ट मात्र सर्वसाधारण लोकांसच नव्हे, तर अनेक डॉक्टरांसहि अद्याप नवी आहे.

नांवामुळें होणारा एक गैरसमज आधीं दूर केला पाहिजे. मन चंचल असणें हा विकार नव्हे. नाहीं तर भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायांत मनाच्या चंचलपणाबद्दल तक्रार करणाऱ्या अर्जुनासहि औषधाची चिठ्ठी लिहून द्यावी लागली असती. विकार म्हणावयाचा तो केव्हां? ही चंचलता बालपणापासून असेल, घर, शाळा, कचेरी अशा एकाहून अधिक ठिकाणीं दिसत असेल, आणि तिच्यामुळें माणसाचें खरोखर नुकसान होत असेल तेव्हां. शिवाय या माणसांस लक्षच नसतें असेंहि नव्हे. आवडत्या कामांत, मग तें जुना रेडिओ उघडून दुरुस्त करणें असो कीं बुद्धिबळाचा डाव असो, तीं चार चार तास जेवणखाण विसरून गढून जातात. लक्ष असतें, परंतु त्याचा लगाम हातांत नसतो. जेथें लावावयाचें तेथें तें लागत नाहीं आणि जेथून काढावयाचें तेथून तें निघत नाहीं. मराठींत अशा माणसांस शब्दांचा तोटा कधींच नव्हता: धांदरट, वेंधळा, विसरभोळा, उतावळा, आरंभशूर. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हणहि त्यांच्यासाठींच असावी. हे सर्व शब्द स्वभावाचे आहेत, आणि त्यांतील प्रत्येकांत थोडीशी निंदा आहे.

वैद्यकानें वृद्धांकडे पाठ कां फिरविली, याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें इ. स. १७९८ मध्यें मनोविकारांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत अवधानाच्या विकारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एका गोष्टीवर मन न ठरणाऱ्या मुलांचें त्यांतील वर्णन आजहि ओळखतां येतें. परंतु त्याच ठिकाणीं क्रायटननें असेंहि लिहून ठेवलें कीं, सुदैवानें हा दोष वयाबरोबर बहुधा कमी होत जातो. हें आश्वासन जवळ जवळ पावणेदोनशें वर्षें टिकलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख होफमान यांनीं जेवणाच्या मेजावर स्वस्थ न बसणाऱ्या फिलिपचें चित्र रंगविलें, तो लहान मुलगा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेपुढें १९०२ सालीं जॉर्ज स्टिल यांनीं व्याख्यानें दिलीं, तीं मुलांवर. अमेरिकेंत ईस्ट प्रॉव्हिडन्स येथें चार्ल्स ब्रॅडली यांनीं १९३७ सालीं बेन्झेड्रीन हें उत्तेजक औषध देऊन पाहिलें व त्यामुळें अस्वस्थ मुलें उलट शांत होऊन अभ्यास करूं लागल्याचें आश्चर्य नोंदविलें, तेंहि मुलांविषयींच. १९४४ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें सीबा कंपनीचे रसायनज्ञ लेआंद्रो पानिझ्झोन यांनीं मेथिलफेनिडेट तयार केलें. पत्नीच्या नांवावरून त्यास रिटालिन असें नांव मिळालें. गंमत अशी कीं, हें औषध आरंभीं थकवा, उदासीनता आणि वृद्धांची मरगळ यांवर म्हणून विकलें जात होतें. वृद्धांचें औषध पुढें मुलांचें झालें, आणि वृद्ध मागें राहिले.

अमेरिकेंतील युटा विश्वविद्यालयाचे पॉल वेंडर व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं प्रौढांतील विकाराचा व त्यावरील औषधाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेथून दृष्टि बदलूं लागली. अमेरिकन मानसोपचारतज्ञांच्या निदानग्रंथाच्या १९८० च्या आवृत्तींत प्रौढांतील अवशिष्ट विकारास जागा मिळाली. २०१३ च्या आवृत्तीनें असें ठरविलें कीं, कांहीं लक्षणें वयाच्या १२ व्या वर्षापूर्वीं दिसलेलीं असावींत, आणि मोठ्या माणसांत सहाऐवजीं पांच लक्षणें पुरेशीं मानावींत. आतां हिशेब पाहावा. जे आज सत्तरीच्या आसपास आहेत, त्यांची प्राथमिक शाळा १९६० च्या पुढेंमागें झाली. त्या काळीं अशा मुलावर जो उपचार होत असे तो बाकावर उभें करण्याचा किंवा तळहातावर पट्टी मारण्याचा. शाळेच्या प्रगतिपुस्तकांत 'हुशार आहे, परंतु लक्ष देत नाहीं' हा शेरा वर्षानुवर्षें पडत राहिला. तो शेरा लिहिणाऱ्या मास्तरांनीं नकळत अचूक टिपण करून ठेवलें होतें. फक्त तें निदान आहे हें कोणास माहीत नव्हतें.

वृद्धांकडे मुद्दाम वळून पाहिलें तें हॉलंडनें. ॲमस्टरडॅम येथें १९९२ पासून वार्धक्याचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यांतील ६० ते ९४ वर्षांच्या नागरिकांची पाहणी करून २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, शेंकडा २.८ वृद्धांत हा विकार निदानाच्या कसोट्यांस उतरतो. पुढें २०२० सालीं निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पन्नाशीपुढील लोकांचा आढावा घेण्यांत आला. प्रश्नावलीनें मोजलें तर हें प्रमाण हजारांत सुमारें २२ भरलें; वैद्यकीय नोंदींत निदान झालेले मात्र हजारांत दोनतीनच; आणि उपचार घेणारा हजारांत एकहि पुरा भरेना. प्रश्नावलींत सांपडलेला प्रत्येकजण डॉक्टरांच्या तपासणींत विकारग्रस्त ठरेलच असें नाहीं, हें खरें. तरी बाविसांचे एकावर येणें ही तफावत नुसत्या मोजमापाची खास नव्हे.

मग साठ वर्षें जें झांकून राहिलें तें वार्धक्यांतच कां उघडें पडतें? याचें उत्तर मेंदूइतकेंच माणसाच्या दिनक्रमांत आहे. समजा, एक गृहस्थ मुंबईच्या एखाद्या कचेरींत ३५ वर्षें नोकरी करून निवृत्त झाले. त्या ३५ वर्षांत त्यांचें चित्त बाहेरून बांधलेलें होतें. ठराविक वेळेची लोकल होती, सहीचें मस्टर होतें, कागद पुढें सरकविणारा शिपाई होता, चूक झाली तर लाल रेघ ओढणारा हेडक्लार्क होता. घरीं डबा, पास, रुमाल आणि चष्मा दारांत हातीं देणारी पत्नी होती. या माणसास शिस्त होती असें सर्वांस वाटे. वस्तुतः ती शिस्त त्यांच्याभोंवतीं होती. निवृत्तीच्या दिवशीं हार, नारळ आणि शाल मिळाली व त्याच दिवशीं हा सारा सांगाडा काढून घेतला गेला. दुसऱ्या दिवसापासून सकाळीं उठून काय करावें हें ठरविण्याचा सर्व भार, जी शक्ति त्यांच्यापाशीं मुळांतच उणी होती, तिच्यावर पडला. चार पुस्तकें अर्धवट वाचलेलीं, संस्कृत शिकण्याची वही पांचव्या पानावर थांबलेली, विजेचें बिल भरावयाचें राहून दंड पडलेला, बोलतांना दुसऱ्याचें वाक्य पुरें होऊं न देण्याची खोड वाढलेली. पाय हालविणें, सारखें उठबस करणें हा तरुणपणचा प्रकार वयानें खरोखरच कमी होतो. तेवढ्यापुरतें क्रायटनचें म्हणणें चुकीचें नव्हतें. परंतु ती धांवपळ आंत शिरते. माणूस आरामखुर्चींत बसलेला दिसतो आणि त्याचें मन मात्र फलाटावर गाडी पकडावयास धांवत असतें.

पुढें पत्नीचें निधन होतें. मुलें म्हणतात, आई गेल्यापासून बाबांची स्मृति गेली. दुःख असतेंच, आणि दुःखानें स्मृति मंदावते हेंहि खरें. परंतु त्यांच्या स्मृतीचा मोठा भाग कधींच त्यांच्या डोक्यांत नव्हता; तो स्वयंपाकघरांत होता, आणि तो तिच्याबरोबर गेला.

स्त्रियांची कथा याहून अधिक झांकलेली आहे. वर्गांत मुलगा बाकावरून उडी मारतो तेव्हां तो दिसतो. मुलगी खिडकीबाहेर पाहत गप्प बसते, ती दिसत नाहीं. मोठेपणीं घरादाराचा गाडा ती दुप्पट श्रमानें ओढते आणि स्वतःस गबाळी म्हणवून घेते. पाळी थांबण्याच्या सुमारास शरीरांतील ईस्ट्रोजन घटतें, त्याचा परिणाम अवधानावरहि होतो, आणि आजवर कसेंबसें सांभाळलेलें सर्व एकदम निसटूं लागतें. 'वयाचें आहे' या शब्दांत तिची तक्रार मिटविली जाते.

आतां ओळखावें कसें? सर्वांत महत्त्वाचा प्रश्न 'आज काय विसरतां?' हा नसून 'दहाव्या वर्षीं आपण कसे होतां?' हा आहे. चित्तचांचल्याची रेघ सबंध आयुष्यांतून गेलेली असते. डिमेन्शियाची रेघ कोठें तरी सुरू होते. दुसरा भेद विसरण्याच्या रीतींत आहे. चित्तचांचल्यांत पत्र पेटींत पडलेलेंच नसतें: चष्मा ठेवतांना लक्ष दुसरीकडे होतें म्हणून तो कोठें ठेवला हें आठवत नाहीं, परंतु ज्या गोष्टीकडे लक्ष होतें ती पुष्कळदां पक्की लक्षांत असते, आणि थोडें सुचविलें कीं आठवते. अल्झायमरच्या रोगांत पत्र पेटींत टाकूनहि नाहींसें होतें. सुचवून उपयोग होत नाहीं. चित्तचांचल्य असलेला मनुष्य आपल्या विसरण्याबद्दल स्वतःच वर्षानुवर्षें कुरकुर करीत असतो. उलट डिमेन्शियांत पुष्कळदां तक्रार घरच्यांची असते आणि रोगी म्हणतो कीं, मला कांहीं झालें नाहीं.

या भेदाचा दुरुपयोग मात्र होऊं नये. 'हे पहिल्यापासूनच असे' असें म्हणून नवा बिघाड अंगावर काढणें हें 'साठी बुद्धि नाठी' इतकेंच घातक आहे. जो जन्मभर घरचा हिशेब लिहीत होता त्यास तो जमेनासा झाला, ओळखीच्या गल्लींत वाट चुकूं लागली, एकच प्रश्न तासाभरांत चार वेळां विचारला जाऊं लागला, तर पूर्वीचा स्वभाव कसाहि असो, मेंदूची तपासणी विनाविलंब झाली पाहिजे. दोन्हीं विकार एकाच माणसांत असूं शकतात. इस्राएलमध्यें १ लाखाहून अधिक लोकांवर २००३ पासून २०२० पर्यंत नजर ठेवून केलेला अभ्यास २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्रौढवयीं एडीएचडीचें निदान झालेल्यांत डिमेन्शियाचा संभव जवळ जवळ तिपटीनें अधिक आढळला. उत्तेजक औषधें घेणाऱ्यांत मात्र तशी स्पष्ट वाढ दिसली नाहीं. यावरून औषधानें डिमेन्शिया टळतो असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. सुरू होऊं घातलेल्या डिमेन्शियासच कांहीं ठिकाणीं चित्तचांचल्याचें नांव मिळालें असण्याचाहि संभव आहे. तथापि हा विषय क्षुल्लक नव्हे, एवढें यावरून दिसतें.

याशिवाय मन उडविणारीं कारणें वृद्धापकाळीं अनेक असतात, आणि त्यांतील कित्येक सहज बरीं होण्यासारखीं असतात: थायरॉईड ग्रंथीचें मांद्य, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, उदासीनतेचा विकार, घोरण्याबरोबर झोंपेंत श्वास अडकणें, कमी ऐकूं येणें, आणि झोंपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या. हीं पाहिल्यावांचून चित्तचांचल्याचा शिक्का मारणें बरें नव्हे. मोबाइलवर दहा प्रश्नांस उत्तरें देऊन स्वतःचें निदान करण्याची जी टूम निघाली आहे, ती तर निव्वळ करमणूक समजावी. जो तो स्वतःस विकारग्रस्त म्हणवूं लागला म्हणजे ज्यास खरोखर विकार आहे त्याचें कोणी ऐकत नाहीं.

निदान पक्कें झाल्यावर 'आतां सत्तरीला उपचार कशाला?' असा प्रश्न येतो. सत्तरीच्या माणसाचीं आणखी पंधरा वर्षें शिल्लक असूं शकतात. तीं दंड भरण्यांत आणि घरच्यांचीं बोलणीं खाण्यांत घालवावींत असें कोठें लिहिलें आहे? उपचार आहेत. मेथिलफेनिडेटचा परिणाम कांहीं तास टिकतो व ओसरतो. त्यानें विकार समूळ जात नाहीं, परंतु त्या तासांत लगाम हातीं येतो. तें कडक नियंत्रणाखालील औषध असल्यानें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीं, आणि तें योग्यच आहे. अटोमॉक्सेटीन हें दुसरें औषध उत्तेजक वर्गांतील नव्हे. त्याचा गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात.

तरुणांपेक्षां वृद्धांत सावधगिरी अधिक लागते. दोन्हीं औषधांनीं नाडी व रक्तदाब वाढूं शकतात. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत ६६ वर्षांपुढील लोकांचा अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत उत्तेजक औषध सुरू केल्यावर पहिल्या ३० दिवसांत हृदयविकारादि घटनांचा धोका सुमारें शेंकडा ४० नीं अधिक दिसला, पुढें सहा महिन्यांच्या व वर्षाच्या हिशेबांत तो तसा दिसला नाहीं. म्हणून औषधापूर्वीं हृदयाचा आलेख काढावा, मात्रा अगदीं लहान ठेवून हळूहळू वाढवावी, आणि पहिला महिना डोळ्यांत तेल घालून सांभाळावा. ज्यास कांचबिंदूचा विशिष्ट प्रकार आहे, प्रोस्टेट वाढल्यामुळें लघवीस अडथळा आहे, किंवा पार्किन्सनच्या रोगावर सेलेजिलीन चालू आहे, त्यानें ही गोष्ट डॉक्टरांस आवर्जून सांगितली पाहिजे. वृद्धांवर मुद्दाम केलेले औषधांचे प्रयोग फार थोडे आहेत. बरेचसें ज्ञान तरुणांवरून घेतलेलें आहे. भीतीनें औषध नाकारणें आणि शेजाऱ्याच्या नातवाची गोळी घेऊन पाहणें, हे दोन्हीं मूर्खपणाचे प्रकार होत.

औषधाइतकेंच, आणि बहुधा औषधाच्या आधीं, करावयाचें काम म्हणजे काढून घेतलेला सांगाडा पुन्हां उभा करणें. इंग्लंडमधील २०१८ च्या वैद्यकीय मार्गदर्शनांतहि प्रौढांसाठीं प्रथम भोंवतालच्या परिस्थितींत बदल करून पाहावा आणि तरीहि अडचण राहिल्यास औषध द्यावें असाच क्रम आहे. किल्लीसाठीं दाराजवळ एकच खुंटी. गोळ्यांसाठीं सात वारांची, सात खणांची पेटी. बिलें बँकेमार्फत परस्पर. आठवणीची चिठ्ठी वहींत नको, जेथें काम व्हावयाचें तेथेंच हवी: गॅसची गॅसजवळ, छत्रीची दारावर. वेळेसाठीं साधें गजराचें घड्याळ बरें. मोबाइल उघडला कीं त्यांतून अर्धा तास परत येणें होत नाहीं. सकाळचें फिरणें, झोंपेची ठराविक वेळ, आणि कंटाळवाणें काम करतांना जवळ नुसतें बसून राहणारें कोणी माणूस, या गोष्टी दिसण्यांत क्षुद्र आहेत, परंतु उपयोगी पडतात. न्यूयॉर्क येथें मेरी सोलँटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रौढांच्या लहान गटांस वेळेचें नियोजन व कामाची मांडणी पद्धतशीर शिकविली. १२ आठवड्यांच्या या शिकवणीनें लक्षणें कमी झाल्याचें त्यांनीं २०१० सालीं दाखविलें. अर्थात् सुनेनें किंवा मुलानें हा सांगाडा उभारतांना हवालदाराचा आव आणूं नये. खुंटी कोठें ठोकावयाची हें ज्याची किल्ली त्यासच ठरवूं द्यावें.

या विकाराचा वंशाशीं घट्ट संबंध आहे. म्हणून पुष्कळदां वृद्धाचें निदान नातवाच्या निमित्तानें होतें. नातवासाठीं डॉक्टर प्रश्न विचारीत असतात आणि कोपऱ्यांत बसलेले आजोबा म्हणतात, "अहो, हें तर सगळें माझेंच वर्णन!" त्या क्षणीं प्रथम सुटल्यासारखें वाटतें: आपण आळशी नव्हतों, बेजबाबदार नव्हतों. परंतु थोड्या दिवसांनीं दुसरी भावना येते, आणि ती अधिक जड असते. सोडून दिलेलें शिक्षण, रागाच्या भरांत टाकलेली नोकरी, कर्जांत बुडालेला धंदा, हें सर्व नव्यानें आठवूं लागतें. आणि याच खोडीसाठीं आपण आपल्या मुलास मारलें होतें, हेंहि आठवतें. कांहीं वृद्ध यामुळें उदास होतात. अशा वेळीं गोळीपेक्षां बोलणें अधिक लागतें, आणि तें मुख्यतः त्या मारलेल्या मुलाशीं व्हावें लागतें. तो मुलगा आतां पन्नाशीचा असतो, त्याचा स्वतःचा मुलगा शेजारच्या खोलींत अभ्यास टाकून पंख्याकडे पाहत असतो, आणि एकाच वेळीं तिन्हीं पिढ्यांचें निदान व्हावयाचें असतें.

पहिल्या भेटीस मानसोपचारतज्ञांकडे जातांना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी न्यावी, त्यांत आयुर्वेदिक औषधेंहि लिहावींत. ट्रंकेंत जुनें प्रगतिपुस्तक सांपडलें तर तें न्यावें. बालपण पाहिलेलें भाऊबहीण किंवा शाळासोबती कोणी हयात असेल तर त्यास बरोबर न्यावें, नाहीं तर फोनवर बोलूं द्यावें. उपचारानें काय सुधारावयास हवें तें आधींच दोन ओळींत लिहून ठेवावें, जसें बिल वेळेवर भरणें, गॅस बंद करणें. म्हणजे दोन महिन्यांनीं गुण आला कीं नाहीं याचा वाद उरत नाहीं. औषध सुरू झाल्यास नाडी व रक्तदाब यांची नोंद पहिल्या महिन्यांत रोज एकाच वेळीं व्हावी, आणि तें काम घरांतील दुसऱ्या कोणाकडे सोंपवावें.